जयभीम घालून दारात येणारा वकील

पणदऱ्याला माझी चुलती राहते. चुलते वारले तेव्हाची गोष्ट. जलदान विधीला बौद्धाचार्य आले, पाहुणे आले आणि पांढरा सदरा घातलेला एक अनोळखी माणूसही आला. त्याने बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, सर्वांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हटले, पंगतीत बादली घेऊन वाढायलाही लागला. आम्हाला वाटले चुलत्यांचा कोणी स्नेही असेल. चुलतीच्या माहेरच्यांना वाटले आमच्याकडचा पाहुणा असेल.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. "जयभीम आजी. वारसनोंद केली का? नाही केली तर जमीन सरकारजमा होते बघा." हे धडधडीत खोटे होते. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यावी असे जमीन महसूल कायद्यात आहे, पण उशीर झाला म्हणून कुणाची जमीन सरकारजमा होत नाही. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो, त्याला वकील लागत नाही. पण नवरा गेलेल्या ऐंशीच्या म्हातारीला हे कोण सांगणार? त्याने सातबारा स्वतःच काढून आणला, झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, येताना तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. पुढच्या आठवड्यात चुलती त्याच्या गाडीतून बारामतीला गेली आणि तीन कागदांवर अंगठे देऊन आली.

चुलतभावाने मला त्या कागदांच्या नकला दाखवल्या. पहिला होता वकीलपत्र. दुसऱ्यात लिहिले होते की, दावा जिंकल्यास जमिनीचा चौथा हिस्सा वकिलाचा. तिसरे होते नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, त्यात जमीन विकण्याचाही अधिकार होता. दुय्यम निबंधकापुढे "समजले का आजी?" असे विचारले गेले आणि आजींनी मान हलवली. कोर्टकचेरीत आपल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर मानच हलवली आहे.

ही जमीन साधी नाही, ती महार वतनाची आहे. रात्रंदिवस गावकी करावी, सांगावा न्यावा, मेलेली ढोरे ओढावीत, त्या बदल्यात गावकुसाबाहेरचा हा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वेठबिगारी जावी आणि जमीन मात्र आपल्या माणसाकडे राहावी, हा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा झाला तो 1958 साली. त्याने जमिनी वतनदारांना पुन्हा दिल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येऊ नयेत अशी अटही घातली. एके काळी ज्या तुकड्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, त्याच्या बाजूने आज नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, रस्ता आहे. म्हणून आता आजीच्या गोळ्यांची काळजी वाहणारे जन्माला आले आहेत.

पुण्याजवळच्या मुंढव्याचे प्रकरण नोव्हेंबर 2025 मध्ये राज्यभर गाजले. महार वतनाची सुमारे 40 एकर जमीन, कागदावर किंमत 300 कोटी, बाजारभाव त्याच्या कितीतरी पट असल्याचा आरोप. गुन्हे दाखल झाले, व्यवहार रद्द केल्याचे जाहीर झाले. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. मला त्यातली एकच गोष्ट आठवत राहते. मूळ वतनदार 272 असल्याचे छापून आले, आणि त्यांच्या वतीने व्यवहार केला तो कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर. कोट्यवधींच्या व्यवहाराची सुरुवातही अशाच कुणाच्या तरी ओसरीवर, चहाच्या कपाबरोबर होत असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाने स्वतः किंवा दलालामार्फत, ओळख नसताना भेटी घेऊन काम मागायचे नाही. नियम 20 प्रमाणे दाव्याच्या निकालावर फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा मागायचा नाही. निम्म्या वसुलीचा करार करणाऱ्या वकिलाला मुंबई राज्यात निलंबित व्हावे लागले आणि 1954 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते गैरवर्तनच ठरवले. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात उभे राहून, येणाऱ्या गरीब पक्षकारांवर झडप घालणाऱ्या वकिलांचे दाभोलकर प्रकरण 1975 साली तिथपर्यंत गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वकिलीचा बाजार मांडणाऱ्यांना तेव्हा खडसावले होते. ती निदान कोर्टाच्या दारातली झडप होती, सगळ्यांना दिसत होती. जलदान विधीच्या पंगतीतली झडप दिसत नाही. उलट तिला लोक माणुसकी म्हणतात.

आणि हा आपलाच आहे, हे सर्वांत बोचते. जयभीम तो मनापासून घालतो की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्याचा भाव त्याला पक्का माहीत आहे. बाबासाहेबांनी 1923 साली वकिली सुरू केली तेव्हा अस्पृश्यतेपायी सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे आणत नव्हते. पैशाची अडचण होती. तरी ते पक्षकार गाठायला कुणाच्या सुतकात शिरले नाहीत. गोरगरीब त्यांच्याकडे आपण होऊन जात. पुण्यात 1926 साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात ते जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले आणि अपिलात त्यांना सोडवून आणले. त्या नावाच्या पुण्याईवर आज कुणी म्हातारीचा अंगठा उचलतो.

पण सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. चुलतीला मी विचारले, एवढा विश्वास कसा टाकलास गं? ती म्हणाली, "तो बसून ऐकायचा रं." मी मुंबईला, चुलतभाऊ दिवसभर कामावर, कार्यकर्ते 14 एप्रिलच्या तयारीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाईमाणसालाही मिळतो. बारामतीच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती आहे, 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. चुलतीला हे माहीत नव्हते. खरे सांगायचे तर तिच्या शिकलेल्या पुतण्यालाही ते त्या दिवशीच कळले. फुकट वकील कोर्टात वाट बघत बसतो आणि चौथाई मागणारा घरी येतो. आपल्या विहारांतून दर पौर्णिमेला वंदना होते. त्याच बैठकीत अर्धा तास म्हाताऱ्यांचे कागद मोठ्याने वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागते?

सर्वसाधारण मुखत्यारपत्र देणारा वारला की संपते. म्हणून या लोकांना घाई असते आणि म्हणूनच ते कागदात "अपरिवर्तनीय" हा शब्द घुसवतात. नुसता शब्द लिहिल्याने जमिनीत कुणाचा हितसंबंध तयार होत नाही, तो खरोखर असावा लागतो. शिवाय मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 साली स्पष्ट केले आहे. आम्ही समितीकडून वकील घेतला, रद्दलेख नोंदवला, त्या महाशयांना नोटीस धाडली आणि तिची प्रत तलाठ्याकडे दिली. त्यांचे वकीलपत्रही काढून घेतले. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे वकील कायद्याच्या कलम 35 खाली तक्रार करायची होती, पण चुलती नको म्हणाली. "माझ्या गोळ्या आणत होता," एवढेच तिचे म्हणणे.

गेल्या महिन्यात इंदापूरकडच्या एका गावी मयताच्या कार्याला गेलो होतो. पंगत बसली होती. पांढरा सदरा, हातात वरणाची बादली. मला पाहून त्याने आधी जयभीम घातला.