नक्कल मिळाली, त्रुटितांची यादी कुठे आहे?

कार्यालयातल्या संगणकाची हार्ड डिस्क आचके देऊ लागली की आपण काय करतो? फ्रीगंजमधल्या एखाद्या दुकानात यंत्र नेतो. तिथला मुलगा नवी डिस्क लावतो, जुनीची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करून देतो आणि ‘सगळं आलं आहे’ असे सांगतो. दोन दिवसांनी कुरकुर सुरू होते. हिशेबाचा प्रोग्राम मध्येच बंद पडतो, विंडोज निळा पडदा दाखवते, एखाद्या वर्षाची यादी उघडतच नाही. मग दोष नव्या डिस्कला, व्हायरसला, नाहीतर बिचाऱ्या लिपिकाला! माझ्या मते दोष बहुधा यांपैकी कुणाचाच नसतो. नक्कल करताना काय गळले, हे आपण विचारलेलेच नसते.

डिस्कवर मजकूर छोट्या कप्प्यांत साठवतात. त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये एक सेक्टर ५१२ बाइटचा असतो, नव्या डिस्कमध्ये बहुधा ४०९६ चा. युनिकोडमधल्या देवनागरीत एका अक्षरचिन्हाला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे एका जुन्या सेक्टरमध्ये १७० चिन्हे, दोन-तीन विद्यार्थ्यांची नोंद. प्रत्येक सेक्टरबरोबर चूक ओळखण्याची खूणही असते. त्यामुळे मरणासन्न डिस्क सहसा ५ चा ६ करत नाही. तिला वाचता आले तर बरोबर वाचते, नाहीतर अख्खा कप्पा नाकारते. नक्कल करणारा प्रोग्राम मग एकतर थांबतो, किंवा त्या जागी शून्ये भरून पुढे जातो आणि शेवटी ‘काम पूर्ण’ असे सांगतो.

ही शून्ये रिकाम्या जागी पडली तर काहीच बिघडत नाही. विंडोजच्या फाइलवर पडली तर संगणक अडखळतो, ते निदान लगेच कळते. पण शाळेच्या नोंदींवर पडली तर? वीस वर्षांनी कुणी माजी विद्यार्थी दुय्यम टी.सी. मागायला येईल, तेव्हा कळेल. त्याची जन्मतारीख त्या कप्प्यात होती.

उज्जैनकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्याच गावात सिंधिया प्राच्य विद्या शोध प्रतिष्ठानात हजारो हस्तलिखिते आहेत. जुना लेखनिक नक्कल करताना मूळ पान फाटलेले दिसले, तर तेवढी जागा कोरी सोडी. वाचणाऱ्याला कळे की इथे मजकूर त्रुटित आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, ती १२५९ हस्तलिखिते पडताळून. नकलेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे तर आपल्याकडच्या विद्वत्तेचे पहिले पाऊल होते. संगणक आला आणि आपण ते विसरलो.

त्रुटितांची यादी ठेवणारी साधने आहेत. जीएनयू डीडीरेस्क्यू हा त्यांतला एक मोफत प्रोग्राम. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड भागाकडे नंतर वळतो आणि काय वाचले, काय राहिले याचा नकाशा एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्यावरून कोणत्या फाइलींना धक्का लागला ते शोधता येते. दुरुस्तीचे चेकडिस्क वगैरे जे काही चालवायचे ते नकलेवर; आजारी डिस्कला आणखी राबवू नये. चेकडिस्क फाइलींची मांडणी सावरते, हरवलेला मजकूर आणून देत नाही. विंडोजच्या बिघडलेल्या फाइली एसएफसीने बदलता येतात, पण आपले बाकीचे प्रोग्राम त्याच्या कक्षेबाहेरचे. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या तर त्यांची ओळखखूण एकच असल्याने विंडोज एकीला बाजूला ठेवते. ‘डिस्क गेली’ म्हणून घाबरू नये.

माझे मत असे की नकलेवरच्या विंडोजची डागडुजी करण्यात आठवडा घालवू नये. नकलेतून आपला मजकूर काढून घ्यावा आणि विंडोज व प्रोग्राम कोरे, नव्याने बसवावेत. यात त्रास आहे, हे खरे. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळत नाही. काही प्रोग्रामांचे लायसन्स डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेले असते. ते निर्दोष नकलेवरही रुसतात. पण हा त्रास एकदाच होतो.

आणखी एक भ्रम. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी नव्या विंडोजवर उघडले, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. लोक म्हणतात, फाइल सडली. बहुतेक वेळा ती धडधाकट असते, फक्त फाँट नसतो. तो बसवा, मजकूर परत येतो. आणि तो आला की लगेच युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

विश्वस्तांना दोन विनंत्या. नकलेच्या बिलाबरोबर वाचता न आलेल्या भागाची यादी मागावी. ती मिळाल्याशिवाय काम संपले असे धरू नये. आणि थोड्या सवलतीसाठी जुनी डिस्क दुकानात सोडू नये. तिच्यावर मुलांचे पत्ते, जन्मतारखा, समग्र आयडी आहेत. शिवाय नव्या डिस्कवरची नोंद पडताळून होईपर्यंत तीच आपले मूळ हस्तलिखित. (बॅकअप हवाच, हे सांगून सगळे थकले आहेत, मी पुन्हा सांगत नाही.)

पडताळणीला महाग काही लागत नाही. कागदी स्कॉलर रजिस्टर कपाटात आहे. दर वर्षाची पटसंख्या संगणकातल्या संख्येशी जुळते का, एवढे शिक्षकांनी पाहिले तरी मोठी भगदाडे दिसतील. मग त्या-त्या वर्षाच्या नोंदी ओळीने वाचाव्या लागतील. नववीच्या मुलामुलींनी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या जुन्या वार्तापत्रांचे अंक वाटून घेऊन युनिकोडमध्ये टाइप करावेत. पालकांपैकी ज्यांच्याकडे जुने छापील अंक असतील, त्यांनी ते पडताळणीसाठी कार्यालयात आणून द्यावेत. झेरॉक्स काढून परत केले जातील.