नाव हुतात्म्याचे, संमती कोणाची?

पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील दहशतवादी तळांवर भारतीय सैन्यदलांनी ७ मे २०२५ रोजी पहाटे हल्ले चढवले. या कारवाईचे नाव ‘ऑपरेशन सिंदूर’ असल्याचे देशाला सकाळी समजले. दिवस मावळण्याच्या आत ते नाव आपल्या नावावर व्हावे यासाठीचे अर्ज ट्रेडमार्क नोंदणीकडे दाखल झाले होते. अर्जदारांत रिलायन्स समूहातील जिओ स्टुडिओज ही कंपनीही होती. टीकेचे मोहोळ उठताच दुसऱ्याच दिवशी कंपनीने अर्ज मागे घेतला आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगीविना तो दाखल केल्याचा खुलासा केला. पहलगाम येथे २२ एप्रिलला ज्यांचे कुंकू पुसले गेले, त्यांच्या दुःखाची आठवण करून देणारे हे नाव होते. ते बाजारात नेण्यापूर्वी त्या महिलांना विचारावे, असे कोणाला वाटले नाही आणि तसे बंधन घालणारा कायदाही नव्हता.

येथे अर्जदार बडा होता, म्हणून गवगवा झाला आणि प्रश्न चोवीस तासांत मिटला. एखाद्या जवानाच्या नावाबाबत मात्र असे घडत नाही. सीमेवर कोणी धारातीर्थी पडले की, थोड्याच अवधीत त्याचे नाव आणि छायाचित्र टी-शर्टवर, मोटारीच्या काचेवरील स्टिकरवर, मोबाइलच्या आवरणावर आणि दिनदर्शिकेवर दिसू लागते. विकणाऱ्याच्या मनात आदर असेलही, पण पैसे त्याच्याच गल्ल्यात पडतात. ज्या घरातून तो जवान गेला, त्या घराला बहुधा याचा पत्ताही नसतो.

हा प्रश्न २०२५ च्या अखेरीस राजधानीतील न्यायालयातही वेगळ्या रूपाने आला. मेजर मोहित शर्मा २००९ मध्ये कुपवाडा येथे अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर अशोकचक्राचे मानकरी ठरले. दिल्ली मेट्रोने गाझियाबादकडे जाणाऱ्यांना राजेंद्रनगर स्थानकाच्या नावात त्यांचे नाव रोज दिसते. ‘धुरंधर’ हा चित्रपट आपल्या मुलाच्या आयुष्यावर बेतला असून त्यासाठी आपली संमती घेतलेली नाही, अशी तक्रार घेऊन त्यांच्या मातापित्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. चित्रपटाचा मेजर शर्मा यांच्याशी संबंध नाही, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने कुटुंबाच्या आक्षेपांचा विचार करण्यास चित्रपट प्रमाणन मंडळाला सांगितले आणि ५ डिसेंबर रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. त्या वादात तथ्य कोणाच्या बाजूने होते, हा येथे मुद्दा नाही. हुतात्म्याच्या नावावर, चेहऱ्यावर आणि कहाणीवर त्याच्या कुटुंबाचा कायदेशीर अधिकार किती, हा मूळ प्रश्न त्यातून सुटला नाही, एवढे खरे.

ॲरिझोनातील टी-शर्ट

हा प्रश्न सर्वांत थेटपणे विचारला गेला तो अमेरिकेत, इराक युद्धाच्या काळात. ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथील डॅन फ्रेझियर हा विक्रेता युद्धविरोधी टी-शर्ट विकत असे. बुश खोटे बोलले आणि हे मेले, अशा आशयाची ठळक घोषणा आणि तिच्यामागे बारीक अक्षरांत इराकमध्ये कामी आलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे, असे त्या टी-शर्टचे स्वरूप होते. मृतांच्या नातेवाइकांत संतापाची लाट उसळली. आमच्या मुलाने ज्या कामासाठी प्राण दिले, त्याच कामाची निंदा त्याच्या नावाने करायची आणि वर त्यातून पैसाही मिळवायचा, हे त्यांना असह्य झाले.

लोकप्रतिनिधींनी या संतापाची दखल तातडीने घेतली. ओक्लाहोमा आणि लुइझियाना या राज्यांनी २००६ मध्येच, कुटुंबाच्या संमतीविना सैनिकांची नावे विक्रीसाठी वापरण्यास बंदी करणारे कायदे केले. ॲरिझोनाने २००७ मध्ये तोच मार्ग धरला. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने विधेयक संमत केले आणि डेमोक्रॅट पक्षाच्या गव्हर्नर जॅनेट नॅपोलिटानो यांनी त्यावर स्वाक्षरी केली. शोकाकुल मातापित्यांच्या विरोधात उभे राहण्याची इच्छा कोणत्याच पक्षाला नव्हती.

न्यायालयात मात्र हा कायदा टिकला नाही. संघीय न्यायाधीश नील वेक यांनी सप्टेंबर २००७ मध्ये फ्रेझियरविरुद्धच्या फौजदारी कारवाईला अंतरिम मनाई केली आणि २००८ मध्ये ती कायम केली. त्यामागचे तर्कशास्त्र महत्त्वाचे आहे. एखादी वस्तू पैसे घेऊन विकली जाते, एवढ्यावरून तिच्यावरील मजकूर व्यापारी ठरत नाही. वृत्तपत्र आणि पुस्तकही विकलेच जाते. फ्रेझियर सैनिकांची नावे वापरून साबण किंवा बूट खपवीत नव्हता. त्या नावांची यादी हाच त्याचा राजकीय युक्तिवाद होता. युद्धाची किंमत किती, या प्रश्नाचे ते उत्तर होते. ते कुटुंबीयांना कितीही क्लेशदायक वाटले तरी सरकारला दडपता येणार नव्हते.

या वादात विक्रीचा मुद्दा निर्णायक नव्हता, हे आधीच दिसून आले होते. एबीसी वाहिनीच्या ‘नाइटलाइन’ कार्यक्रमात टेड कॉपेल यांनी ३० एप्रिल २००४ रोजी इराकमध्ये मृत्युमुखी पडलेल्या सातशेहून अधिक सैनिकांची नावे वाचून दाखवली. त्यात विकण्यासारखे काही नव्हते. तरीही हा युद्धविरोधी प्रचार आहे असे म्हणत सिंक्लेअर या कंपनीने आपल्या अखत्यारीतील केंद्रांवरून तो कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला. त्या नकाराचा निषेध करणाऱ्यांत जॉन मॅकेन हे व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले, ॲरिझोनाचेच रिपब्लिकन सिनेटर होते. नावे तीच असतात. ती कोण आणि कशासाठी घेतो, यावर त्यांना आदर म्हणायचे की अपमान, हे ठरते.

अमेरिकेने आणखी एका बाबतीत जो तोडगा काढला, तो अधिक शहाणपणाचा होता. डोव्हर हवाई तळावर येणाऱ्या शवपेट्यांची छायाचित्रे घेण्यास १९९१ पासून बंदी होती. कुटुंबांच्या खासगीपणाचे कारण त्यासाठी पुढे केले जाई, पण कुटुंबांना विचारले कधीच जात नसे. ओबामा प्रशासनाने २००९ मध्ये ही सरसकट बंदी उठवली आणि निर्णय प्रत्येक कुटुंबावर सोपवला. सरकारने कुटुंबाच्या नावाने बोलणे आणि कुटुंबाला स्वतः बोलू देणे यांतील अंतर त्या एका निर्णयाने स्पष्ट झाले.

कायद्यातील पोकळी

भारतात यासंबंधी कायदा अगदीच नाही असे नाही. तो अर्धवट आहे. १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा कायदा काही नावांना व्यापारापासून संरक्षण देतो. त्याच्या अनुसूचीत महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचेही नाव आहे. त्या यादीत नावे घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. परंतु ती यादी राष्ट्रपुरुषांसाठी आणि राष्ट्रचिन्हांसाठी आहे. प्रत्येक हुतात्म्याचे नाव तीत घालणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तसे झाले तर कुटुंबाला हवे असलेले स्मारकही मंत्रालयाच्या परवानगीवाचून अडेल.

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम १४ या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. एखादी व्यक्ती हयात असेल किंवा अर्जापूर्वीच्या वीस वर्षांत मरण पावली असेल आणि नोंदवायचे चिन्ह तिच्याशी खोटा संबंध सूचित करीत असेल, तर निबंधक त्या व्यक्तीची अथवा तिच्या कायदेशीर प्रतिनिधीची लेखी संमती मागू शकतो. म्हणजे नजीकच्या काळातील मृताच्या नावासाठी वारसांची संमती, हे तत्त्व भारतीय कायद्याला परके नाही. अडचण अशी की, हे कलम केवळ नोंदणीपुरते आहे. नोंदणीच्या वाटेला न जाता दहा हजार टी-शर्ट छापून विकणाऱ्याला ते अडवीत नाही.

उरतो तो खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याच्या वडिलांचा दावा फेटाळताना हे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, ते वारशाने येत नाहीत, अशी भूमिका घेतली. मद्रास उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये जयललितांवरील चित्रपटाच्या प्रकरणात याच दिशेने निर्णय दिला होता. हयात नटांना आपल्या आवाजाच्या आणि चेहऱ्याच्या वापराविरुद्ध न्यायालये मनाईहुकूम देत आहेत. हुतात्म्याला मात्र आपल्या नावाचा वापर रोखण्यासाठी न्यायालयात येता येत नाही, आणि जे येऊ शकतात त्यांना अधिकार नाही.

सर्वांत मोठा वापर राजकारणात

तरीही हा सारा दोष बाजारावर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. टी-शर्ट विकणारा दोनशे रुपये मागतो. राजकीय पक्ष मत मागतात. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्येच सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत अशी सूचना पक्षांना केली होती. पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलिस दलाचे ४० जवान मारले गेले, बालाकोटची कारवाई झाली आणि फलकांवर गणवेशातील चेहरे झळकू लागले, तेव्हा आयोगाला ९ मार्च रोजी तीच सूचना पुन्हा काढावी लागली. महिन्याभराने, ९ एप्रिल रोजी, लातूर जिल्ह्यातील औसा येथील सभेत पंतप्रधानांनी प्रथमच मतदान करणाऱ्यांना, आपले पहिले मत बालाकोटच्या वीरांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना अर्पण करता येईल का, असे विचारले. त्यात आचारसंहितेचा भंग झाला नाही, असा निर्वाळा आयोगाने दिला.

हा केवळ एका पक्षाचा दोष नव्हे. मुंबईतील आदर्श इमारतीचे प्रकरण २०१० मध्ये गाजले, काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले आणि कारगिलच्या वीरपत्नींची घरे हडपल्याची भाषा सर्वतोमुखी झाली. भूखंड कारगिलच्या हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी राखीव नव्हता, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने २०१२ मध्ये काढला. गैरव्यवहाराचे आरोप त्यामुळे पुसले गेले नाहीत. पण प्रकरण रंगवण्यासाठी ज्यांचे नाव घेतले गेले, त्या महिलांना तोवर कोणीही काही विचारले नव्हते.

कायदा करणाऱ्यांचा हा इतिहास लक्षात घेतला, तर ॲरिझोनाचा अनुभव भारतासाठी इशारा ठरतो. हुतात्म्यांच्या नावांचे संरक्षण करणारा व्यापक फौजदारी कायदा येथे आला, तर त्याची पहिली नोटीस बहुधा मोबाइलची आवरणे विकणाऱ्याला जाणार नाही. या मृत्यूंची जबाबदारी कोणाची, असे नावांची यादी छापून विचारणाऱ्याला ती जाईल. सत्ताधाऱ्यांचा फलक तेवढा श्रद्धांजली ठरेल.

संमतीची चौकट

म्हणून हवा आहे तो अरुंद, पण नेमका उपाय. हुतात्म्याचे नाव वा चेहरा दुसरी वस्तू खपवण्यासाठी किंवा वस्तूची शोभा वाढवण्यासाठी वापरायचा असेल, तर कुटुंबाची लेखी संमती आवश्यक करावी. तिची मुदत ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे वीस वर्षे असावी आणि भंग झाल्यास तुरुंगाऐवजी नुकसानभरपाई व विक्रीबंदी हा दिवाणी उपाय असावा. बातमी, इतिहास, कलाकृती आणि राजकीय टीका यांना त्यातून स्पष्ट सूट हवी. तेथे कायद्याने नव्हे, सभ्यतेने विचारावे. मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्यावरील २०२२ चा ‘मेजर’ हा चित्रपट त्यांच्या मातापित्यांच्या सहकार्याने झाला, आणि त्यात कोणाचे काही अडले नाही.

संमती कोणाची, हा पुढचा अवघड प्रश्न. पत्नी आणि मातापिता यांच्यात दुरावा आल्याची उदाहरणे आहेत. २०२४ मध्ये एका कीर्तिचक्रप्राप्त अधिकाऱ्याच्या मातापित्यांनी निकटतम नातेवाइकाच्या निकषांत बदल करण्याची मागणी केली, तेव्हा हे दुखणे चव्हाट्यावर आले. यावरचा उपाय सैनिकाच्या हयातीतच करता येईल. निवृत्तिवेतनासाठी आणि विम्यासाठी तो नामनिर्देशन करतो. त्याच कागदपत्रांत आपल्या नावाविषयी निर्णय कोणी घ्यावा, अशी एक ओळ वाढवणे अवघड नाही. संमती मागण्यासाठी नवे खातेही नको. रामकृष्ण पुरममधील केंद्रीय सैनिक मंडळापासून जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयापर्यंतची यंत्रणा अस्तित्वात आहे आणि वीरपत्नींचे पत्ते तिच्याकडे आहेत.

निवडणूक आयोगाच्या सूचनेलाही हीच कसोटी लावता येईल. कुटुंबाची लेखी संमती नसताना हुतात्म्याचे नाव वा छायाचित्र प्रचारात आले, तर त्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरून त्याला जाहीर समज द्यावी. पक्षांना हे जाचक वाटेल. मात्र टी-शर्टवाल्याला जो नियम, तो पक्षाला नको असेल, तर नियमामागचा हेतू आदराचा नाही हे मान्य करावे लागेल.

इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. त्याच्या शेजारी २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. त्या दगडावरच्या नावापुढे ना किंमत आहे, ना पक्षाचे चिन्ह. नाव तेथून उचलून अन्यत्र लावायचे असेल, तर आधी एका घराचे दार ठोठवावे लागेल, एवढीच अपेक्षा आहे. तेवढेही करायची तयारी नसेल, तर आदराची भाषा तरी वापरू नये.