खुनाचा हिशेब राहिलेला पहारेकरी

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

31 ऑक्टोबर 2016 च्या पहाटे, दिवाळीची रात्र सरता सरता, भोपाळच्या मध्यवर्ती तुरुंगातून बंदी घातलेल्या सिमी संघटनेचे आठ कच्चे कैदी पळाले. जाताना पहाऱ्यावरचे हेड कॉन्स्टेबल रमाशंकर यादव यांचा गळा चिरला गेला. काही तासांतच ते आठही जण शहराबाहेर पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. वाद पेटला तो ही चकमक खरी की बनावट याचा. निवृत्त न्यायमूर्ती एस. के. पांडे यांचा आयोगही नेमला गेला. यादवांचे नाव मात्र दोन्ही बाजूंनी तोंडी लावण्यापुरते घेतले. चकमकीने त्यांना न्याय मिळाला म्हणणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते: आरोपीच उरले नाहीत, तर त्यांच्यावर खुनाचा खटला चालणार कसा? वार कोणी केला, हत्यार बराकीत आले कसे, हे साक्षी-उलटतपासणीत घासून निघायला हवे होते.

परराज्यातली ही गोष्ट खाप्याहून आपल्याला लिहिण्याचे कारण आमच्याच जिल्ह्यात आहे. 31 मार्च 2015 रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच कैदी गज कापून, भिंत ओलांडून निसटले. तेव्हा कोणा पहारेकऱ्याचा जीव गेला नाही, पण ते श्रेय बंदोबस्ताचे म्हणवत नाही. भोपाळच्या आठांपैकी काही जण तर 2013 मध्ये खंडव्याच्या तुरुंगातूनही पळालेले होते. आधीच्या पलायनातून खाते काय शिकले, याचे उत्तर शेवटी रात्रपाळीच्या शिपायाला द्यावे लागते.

21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतोच, मग तुरुंगाच्या पहारेकऱ्यांचे वेगळे स्मरण कशाला, असे कोणी म्हणेल. पण तुरुंगाचा शिपाई म्हणजे पोलीस नव्हे. संविधानाच्या राज्यसूचीतही पोलीस दुसऱ्या नोंदीत आणि तुरुंग चौथ्या. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भायखळ्याच्या तुरुंगात 2017 मध्ये मंजुळा शेट्ये ही कैदी मारहाणीत मेली आणि खुनाचा गुन्हा तिथल्या कर्मचाऱ्यांवरच दाखल झाला. अशा खात्याचे कसले गोडवे गायचे? गोडवे कोणी मागतच नाही. बंद दाराआड कैदी मेला काय नि पहारेकरी मेला काय, तपशील बाहेर यायला हवा. आपल्या माणसाच्या मरणाबद्दल गप्प बसणारे खाते कैद्याच्या मरणाबद्दल खरे बोलेल, यावर विश्वास कसा ठेवावा?

म्हणून विनंती अशी की, राज्यात कर्तव्यावर मारल्या गेलेल्या कारागृह कर्मचाऱ्यांची यादी आपण प्रसिद्ध करावी, प्रत्येक नावापुढे त्या रात्रीची त्रुटी लिहून. आणि येरवड्याच्या तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात रमाशंकर यादव यांचा खून नव्या तुकडीला नावानिशी शिकवावा.

आपला,
खापा (जि. नागपूर) येथील एक नागरिक