लहान गाडी विकू नका



गेल्या रविवारी बस्तीबाहेर चपला घालत होते. मंडळातल्या एक वहिनी जवळ आल्या आणि माझ्या गाडीकडे बघत हळूच म्हणाल्या, "काकू, मुलगा एवढा कमावता आहे, आता ही गाडी शोभत नाही हो तुम्हांला." बोलणं मायेचं होतं, तरी राग आला. क्षमावणी अजून लांब आहे, तोवर बोलून घेते.

माझी गाडी नॅनो, 2012 सालची. 2009 च्या मार्चमध्ये रतन टाटांनी ती बाजारात आणली, तेव्हा लाख रुपयांची गाडी म्हणून केवढं कौतुक झालं होतं! पावसात एकाच स्कूटरवरून चाललेलं कुटुंब पाहून त्यांना ती सुचली होती. त्याआधी सिंगूरचा वाद, मग सुरुवातीच्या गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या, सगळं झालं. पण 'स्वस्तातली गाडी' हा शिक्का तिला सगळ्यांत जास्त भोवला, असं पुढे खुद्द टाटाच म्हणाले. तो शिक्का मारणारे कोण? दारात काय उभं आहे ते बघून माणसाला चहा की सरबत ठरवणारे तुम्ही-आम्हीच ना!

गाडीत खोडी नाहीत असं नाही. डिकी बाहेरून उघडत नाही, मागचं सीट पाडून भाजीच्या पिशव्या काढाव्या लागतात. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडायचं, त्यामुळे पंपावरचा नवा पोरगा हमखास मागे जाऊन टाकीचं झाकण शोधत बसतो. इंजिन मागे, म्हणून उन्हाळ्यात मागच्या सीटवर ऊब लागते. शेजारून ट्रक गेला की गाडी हलते. आणि 2014 च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, हे मुलगा मला वर्षातून चार वेळा ऐकवतो. त्याचं खरं आहे. म्हणून मी ती हायवेला नेत नाही. कुंभोज बाहुबलीला जायचं तर एसटी आहे, भाड्याची गाडी आहे.

पण सांगलीत, गावभागाच्या बोळात? 624 सीसीचं इंजिन, जेमतेम 3.1 मीटर लांबी आणि 4 मीटरच्या त्रिज्येत वळण. मारुती रोडला मंडईच्या तोंडाशी दोन मोटारसायकलींच्या मध्ये ती मावते. महाराजांचा चौका लावायचा असेल तर पहाटे भांडी, शुद्ध कपडे आणि सासूबाई अशा तिन्ही गोष्टी घेऊन मी एका खेपेत पोचते. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवणं उरकतात. कुणाला विचारावं लागत नाही, आणि खरा मुद्दा हाच आहे.

माझी एक जुनी मैत्रीण. तिच्याकडे लहानशी गाडी होती, पाठशाळेच्या पोरांची ने-आण तीच करायची. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नाआधी ती गाडी काढून टाकली, मोठी आणली. वरचे पैसे कमी पडले तेव्हा हिच्या दोन पाटल्या मोडल्या. घरी पेढे वाटले. आता ती चौदा लाखांची गाडी त्यांच्या बोळात वळतच नाही, पुढच्या चौकात लावतात. किल्ली मुलाच्या खिशात. दशलक्षण पर्वात दहांतले चार दिवस ती पूजेला आली नाही. विचारलं तर म्हणाली, "मुलाला वेळ नव्हता गं." रिक्षाने यायला लाज वाटली, कारण घरात एवढी गाडी आहे! पाटल्या तिच्या गेल्या आणि पायही तिचेच बांधले गेले.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसेक वर्षं झाली, पण घसारा विसरले नाही. धंद्याच्या मोटारीला आयकराच्या हिशेबात 15 टक्के घसारा धरतात. तोच दर घरच्या गाडीला लावून बघा. चौदा लाखांवर पहिल्या वर्षी 2,10,000 रुपये. म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी महिन्याला साडेसतरा हजार गेले! हप्त्याचं व्याज आणि विमा अजून धरलेलाच नाही. पाटल्यांना घसारा नसतो, बायांनो.

आणि धर्माचं म्हणाल, तर रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाचा नियम घ्यायच्या यादीत भोजनाच्या लगेच पुढे वाहन आहे. आपण एकादशीच्या उपासासारखं दुसऱ्यांचं काही घेत नाही म्हणून मिरवतो. कांदा-बटाटा, हिरव्या भाज्या सोडण्याचे नियम हौसेने घेतो. वाहनाचा नियम घेतलेली किती जणी दाखवाल? त्याच ग्रंथात आठ मद सांगितलेत, त्यात ऋद्धीचा मद आहे. मागच्या चातुर्मासात अनवाणी चालत आलेल्या महाराजांच्या स्वागताला आपल्या मोठ्या गाड्यांनी रस्ता एवढा अडवला की त्यांनाच कडेच्या खडीवरून चालावं लागलं. तेव्हा शोभलं का आपल्याला?

मोठं कुटुंब आहे, लांबचा रोजचा प्रवास आहे, त्यांनी मोठी गाडी जरूर घ्यावी. त्यासाठी तुमची लहान गाडी विकायला काढली तर मात्र सही करू नका. आरसी बुक तुमच्या नावावर आहे का, तेही आज बघून ठेवा. माझ्या गाडीचं माझ्या नावावर आहे.

शुक्रवारी सकाळी सातला मंडईला निघणार आहे. तीन जागा आहेत. पिशव्या मांडीवर घ्याव्या लागतील. त्या वहिनींनाही फोन केलाय, येते म्हणाल्या.