कार्ड काढून पाहा



आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात टीव्हीच्या मागे तळहाताएवढी एक डबी चिकटवलेली आहे. रास्पबेरी पाय ४. दिसायला डबी, पण आहे पूर्ण संगणक. गीतांचे शब्द, मुलांच्या पाठांची चित्रं आणि आपल्या आज्यांच्या आवाजातली मराठी जपमाळ तिच्यातूनच चालते. इथे इंदूरात मिस्सा हिंदीत होते. आपली मराठी प्रार्थना उरली आहे ती घरात. ज्यांचा आवाज आम्ही साठवला, त्यांतल्या दोघी आज्या आता प्रभूकडे गेल्या आहेत. आणि हे सगळं, ऑपरेटिंग सिस्टीमसकट, नखाएवढ्या मेमरी कार्डावर होतं.

पावसाळ्यात एका रविवारी वीज गेली आणि आली, पण पडदा काळाच राहिला. तिसऱ्या प्रयत्नात यंत्र कसंबसं उठलं. तेवढ्या वेळात आम्ही किती प्रार्थना केल्या, ते आम्हालाच ठाऊक.

दोष यंत्राचा नव्हता. मेमरी कार्डावर पुन्हा पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते, आणि ऑपरेटिंग सिस्टीम तर दिवसभर काही ना काही नोंदवत असते. लिहिणं चालू असताना वीज गेली की नोंद अर्धवट राहते, आणि कधी सगळी मांडणीच बिघडते. आमचं म्हणणं असं : यंत्र रोज चालत असेल आणि त्यात मोलाचं काही असेल, तर ऑपरेटिंग सिस्टीम कार्डावरून बाहेरच्या एसएसडीवर हलवावी. महिन्यातून एकदा चित्रं दाखवण्यापुरतं यंत्र असेल तर कार्ड पुरे आहे. पण "चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे उत्तर आम्हाला पटत नाही. वाळूवर बांधलेलं घरही पूर येईपर्यंत उभंच होतं.

काम अवघड नाही. पाय ४ हा २०१९ मध्ये आला तेव्हा यूएसबीवरून सुरू होण्याची सोय त्यात नव्हती. ती २०२० मध्ये बूटलोडरच्या अपडेटमधून आली. म्हणून जुनं यंत्र असेल तर आधी तो अपडेट करावा. मग एसएसडी निळ्या यूएसबी पोर्टला लावायची आणि मेन्यूतल्या एसडी कार्ड कॉपियरने कार्डाची नक्कल तिच्यावर उतरवायची. एसएसडीवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवावं. पॉवर ॲडॉप्टर ३ अँपिअरचा, चांगला हवा.

हे सगळं आम्ही केलं आणि फादरांना अभिमानाने सांगितलं, "हलवलं!" तीन आठवड्यांनी कार्ड कपाटात ठेवावं म्हणून काढलं आणि यंत्र सुरू केलं. सुरू झालं, पण तीन आठवड्यांतलं एकही नवं गीत त्यात नव्हतं! यंत्र एवढे दिवस कार्डावरूनच चालत होतं. एसएसडी शेजारी नुसती जोडलेली होती. सुरू होताना हे यंत्र आधी कार्ड शोधतं. कार्ड सापडलं तर एसएसडीकडे वळतच नाही. पडदा तोच, गीतं तीच, त्यामुळे बाहेरून फरक कळण्याचा मार्गच नव्हता.

घरी परतताना आम्हाला स्वतःचंच हसू आलं, आणि मग हसू मावळलं. प्रभूने सांगितलं आहे की दोन धन्यांची चाकरी होत नाही. आपण आपलं जीवन त्याच्या हाती दिलं असं म्हणतो, कबुलीसंस्कार घेतो, उपवासकाळ पाळतो. पण संकट आलं की आधी कुठे वळतो? पैशाकडे, ओळखीकडे, जुन्या रागाकडे. जुनं कार्ड अजून खाचेतच आहे. ते काढल्याखेरीज आपण खरोखर कशावर उभे आहोत हे कळत नाही.

पण जुन्याला कमी लेखू नये. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूर इथे १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. सुमारे ११,००० ओव्या आपल्यापर्यंत आल्या त्या भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. कागद गेला, वाणी राहिली, कारण कुणीतरी वेळेवर नक्कल केली आणि ती दुसऱ्या घरी ठेवली.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. नुसत्या फायली नव्हे, ऑपरेटिंग सिस्टीमही हलवा. हलवल्यावर कार्ड काढून यंत्र सुरू करून पाहा. आणि एसएसडीही एक दिवस जाणारच, म्हणून आज्यांच्या आवाजाची आणखी एक प्रत वेगळ्या घरी ठेवा. आमची तीन आठवड्यांची गीतं कार्डावर सुखरूप होती. ती आता एसएसडीवर आहेत, आणि कार्ड कपाटात.

प्रभू येशू, आमच्या हृदयाच्या खाचेत जे जुनं अडकून बसलं आहे, ते काढण्याचं धैर्य आम्हाला दे. आमेन.