सह्याद्री कुणाला आंदण दिलेला नाही!

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की पुण्या-मुंबईच्या मोटारी घाटाकडे सुटतात आणि त्यांच्या मागोमाग मरणाच्या बातम्या येतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत चार लेकरे होती. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. लोक त्या फलकाशेजारून दुचाकी रेटत पुलावर चढले आणि ज्या यंत्रणेने फलक लावला, तिला पूल बंद करावासा वाटला नाही. जनतेची बेफिकिरी आणि सरकारची हयगय अशा हातात हात घालून चालतात, तेव्हा जे घडते त्याला अपघात म्हणायला आम्ही तयार नाही.

या बेफिकिरीच्या मुळाशी अडाणीपणा आहे, असे कुणी सांगू नये. मोटारीतून उतरणारा हा वर्ग शिकलेला आहे, कमावता आहे. सुट्टी काढली, पेट्रोल जाळले, पैसे मोजले, म्हणजे डोंगर आपल्या मालकीचा झाला, ही त्याची समजूत आहे. म्हणून तो रस्त्याच्या मधोमध गाडी लावून गाणी वाजवतो आणि मागे रुग्णवाहिका अडकली तरी हलत नाही. म्हणून तो दारूची बाटली खाचरात भिरकावतो. दुसऱ्या दिवशी त्याच खाचरात गुडघाभर चिखलात भातलावणी करणाऱ्या बाईच्या तळव्यात ती काच घुसते. तिची मजुरी बुडते, औषधाचा खर्च अंगावर पडतो. आणि शहरात परतलेल्या पाहुण्याच्या फोनवर त्याच शेताचा हिरवागार फोटो झळकत असतो!

जंगलातही हाच माज. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चालक आणि गाइड निलंबित झाले, ते योग्यच झाले. पण ‘आणखी जवळ घे’ असा चालकामागे तगादा लावणारे गिऱ्हाईक जोवर मोकळे सुटते, तोवर पुढची वाघीण अशीच कोंडली जाईल.

आणि गड? ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण गुलाल उधळला, घोषणा दिल्या. पण ज्या टाक्यांतल्या पाण्यावर गडाची शिबंदी तगली, त्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात आणि बुरुजांच्या दगडांवर प्रेमिकांची नावे कोरलेली दिसतात. शिवरायांचा जयजयकार करून त्यांच्याच तटावर नाव कोरणारा हात शिवभक्ताचा असूच शकत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० सालीच झाली आहे. या तरतुदीखाली किती जणांवर खटले भरले, हे प्रत्येक जिल्ह्यात जाहीर झाले पाहिजे.

सरकारची रीत तर ठरलेली आहे. माणसे मेली की जमावबंदी, महिनाभर पोलीस बंदोबस्त, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत सामसूम. सरसकट बंदीने नियम पाळणाराही अडतो, चहा-भज्यांची टपरी मांडून वर्षाची बेगमी करणारा गावकरीही मारला जातो, आणि मुजोर मात्र आडवाटेने धबधब्यावर पोहोचतोच.

उपाय आपल्याच मातीत सापडलेले आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून सागरी कासवांची घरटी राखली. आज पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथलेच जेवण जेवतात आणि दोरीच्या अलीकडे उभे राहून, टॉर्च न पेटवता, पिल्लांना समुद्राकडे जाताना पाहतात. साताऱ्याच्या कास पठारावर साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत. तिथे फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित केली, शुल्क लावले आणि राखणीचे काम आसपासच्या गावांच्या समितीकडे दिले. दोन्ही ठिकाणी निसर्ग जपणे हाच गावाचा रोजगार झाला, म्हणून नियमांना पहारेकरी मिळाले.

हेच सूत्र प्रत्येक गर्दीच्या गडावर, धबधब्यावर, धरणावर लागू झाले पाहिजे. जागा पेलेल तेवढीच माणसे रोज आत सोडा आणि नोंदणीशिवाय कुणालाही सोडू नका. शुल्काचा मोठा वाटा कायद्याने ग्रामपंचायतीला द्या. गावातल्या तरुणांना बचावकार्याचे प्रशिक्षण, दोर, जॅकेट, पगार आणि माणसाला पाण्यातून बाहेर काढण्याचा अधिकार द्या. वर जाताना प्रत्येक बाटलीमागे अनामत घ्या, रिकामी बाटली परत आणणाऱ्यालाच ती द्या. आणि धोक्याचा फलक लावून हात झटकणाऱ्या अधिकाऱ्यावर, दुर्घटना घडल्यास, नावानिशी जबाबदारी निश्चित करा.

वाचकांनो, सगळा दोष सरकारच्या माथी मारून तुमची सुटका होणार नाही. येत्या रविवारी जिथे जाल तिथे आधी त्या गावाचे ऐका. गावकरी ‘पुढे पाणी वाढलंय, जाऊ नका’ म्हणाला की मागे फिरा. त्याच्या कित्येक पिढ्यांनी तो ओढा पाहिला आहे. नेलेला कचरा परत आणा. सोबतचा मित्र दगडावर नाव कोरू लागला तर त्याचा हात धरा. मैत्री तुटली तरी चालेल. आणि हे नियम ज्याला जाचतात, त्याने घरीच बसावे. त्याच्यावाचून सह्याद्रीचे काहीही अडलेले नाही!