मैदान घडविणारा शिक्षक

शाळेच्या स्मरणिकेत गुणवंतांची छायाचित्रे मानाने झळकतात; मैदान आखणाऱ्या शिक्षकाचे नाव मात्र एका ओळीत आटोपते. ही उपेक्षा आम्हांस खटकते. म्हणूनच अमेरिकेतील क्लीव्हलंड ॲबट यांच्या कार्याचे येथे स्मरण करावेसे वाटते.

साउथ डकोटा राज्यात जन्मलेले कृष्णवर्णीय ॲबट १९१६ साली तेथील राज्य महाविद्यालयाचे पदवीधर झाले. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल व धावण्या-उड्यांच्या स्पर्धा अशा चार क्रीडाप्रकारांत त्यांनी महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केले. पुढे ते अलाबामातील टस्कीगी संस्थेत आले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी नावारूपास आणलेल्या या संस्थेत कृष्णवर्णीय मुले-मुली राहून शिकत व श्रमही करीत. १९२३ पासून तीन दशके ॲबट तेथील फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने दोनशेंहून अधिक सामने जिंकले. क्रीडाविभागाचा कारभारही त्यांच्याच हाती होता.

आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण या विजयांपलीकडचे आहे. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे दक्षिणेतील गोऱ्या महाविद्यालयांची मैदाने कृष्णवर्णीयांना बंद होती. ॲबट यांनी १९२७ साली ‘टस्कीगी रिलेज’ हा क्रीडामहोत्सव सुरू करून कृष्णवर्णीय महाविद्यालयांना स्वतःचे व्यासपीठ मिळवून दिले. मुलींनी धावू नये असे मानणाऱ्या त्या काळात त्यांनी मुलींचा संघ उभारला. १९३७ साली त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. जॉर्जियातील गरीब घरची ॲलिस कोचमन याच संस्थेत शिकली. शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात ती क्रीडागृहाची झाडलोट करी, संघाचे गणवेशही शिवून नीट करी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १.६८ मीटर उंच उडी मारून ती सुवर्णपदक जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. येथीलच धावपटू नेल जॅक्सन १९५६ साली अमेरिकेच्या महिला ऑलिम्पिक ॲथलेटिक्स संघाच्या प्रशिक्षिका झाल्या. ॲबट यांचे १९५५ सालीच निधन झाले होते. पण त्यांनी लावलेले झाड फळत राहिले.

खेळाडूची पदके त्याच्यापुरती असतात. त्याने उघडलेले मैदान पिढ्यांचे होते. आपल्या निवासी शाळांनी यातून बोध घ्यावा असे आम्ही आग्रहाने म्हणतो. वसतिगृहातील मुलाला सकाळ-संध्याकाळ मैदान हाताशी असते. हे भाग्य शहरातील अनेक श्रीमंत मुलांनाही लाभत नाही. तरीही परीक्षा जवळ आली की प्रथम खेळाचा तास कापला जातो आणि संध्याकाळी मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहून मुलांचा खेळ पाहतात. हे थांबले पाहिजे. खेळाचा तास गणिताच्या तासाइतकाच अबाधित राहावा, मुलींना मैदानाचा निम्मा वाटा मिळावा आणि क्रीडाशिक्षकाचे पद कधीही रिक्त राहू नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे खेळाडू म्हणून नावारूपास आले, त्यांनाही आमचे एवढेच सांगणे आहे : सत्कार स्वीकारण्यास अवश्य यावे, परंतु आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना शिकविण्यासाठीही यावे. शाळेचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.